रोजच्या खाण्यात बदल करून वजन कसं उतरवायचं

एखाद्या दिवशी पोटभर गोडधोड खाल्लं म्हणून वजन वाढत नाही. ते वाढतं रोजच्या, लक्षातही न येणाऱ्या जास्तीच्या खाण्यामुळे. गरजेपेक्षा दररोज १०० कॅलरी जादा जात राहिल्या तर शरीर हळूहळू साधारण ४ किलोंनी जड होऊन मग तिथे स्थिरावतं, आणि त्यातली निम्मी वाढ पहिल्या वर्षभरातच होते. १०० कॅलरी म्हणजे जेमतेम अडीच लहान चमचे तेल. हे गणित उलट्या दिशेनेही चालतं. म्हणून चार दिवस उपाशी राहण्यापेक्षा, जी गोष्ट रोज होते तिला हात घालणं जास्त उपयोगाचं.

अपेक्षा किती ठेवायची हे आधी ठरवा. शरीरातल्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या खाण्यातून ५०० कॅलरी कमी झाल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरतं, पुढे हा वेग मंदावतो. आठवड्याला स्वतःच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा बहुतेकांना झेपणारा वेग आहे. ८० किलोच्या माणसासाठी तो ४०० ते ८०० ग्रॅम होतो. पहिलं लक्ष्य सध्याच्या वजनाच्या ५ ते ७ टक्क्यांचं ठेवा. ते छोटं वाटेल, पण तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखरेवर परिणाम दिसतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच उद्दिष्ट होतं. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

काही जणांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे औषधाची मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायला हवं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, आणि पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेल्या व्यक्तींनी हे स्वतःच्या मनाने करू नये. खाणं बदललेलं नसताना वजन झपाट्याने वाढलं किंवा घटलं असेल तर आधी तपासणी करून घ्या. थायरॉइडचा त्रास, स्टिरॉइड्स आणि मानसिक आजारावरची काही औषधंही वजन वाढवतात.

पहिला आठवडा: काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि पुढे गाडी अडते तीही बहुतेक वेळा ती गाळल्यामुळेच. 'मी तर काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही' असं मनापासून सांगणाऱ्या लोकांचं खाणं अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं होतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहभागींनी सांगितलेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. माणसाला जेवण आठवतं, पण अधेमधे तोंडात टाकलेलं आठवत नाही.

सात दिवस, सुट्टीचे दोन दिवस धरून, वहीत किंवा मोबाइलवर चार गोष्टी टिपा: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, आणि का. 'का' या रकान्यात एक शब्द पुरे: भूक, कंटाळा, ताण, सोबत, किंवा नुसतं 'समोर होतं'. खाल्ल्या खाल्ल्या लिहा. रात्री बसून दिवसभराचं आठवायला गेलात तर निम्मं निसटतं. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं, चहा-कॉफीतली साखर आणि दूध हेही लिहायचं, कारण नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

प्रमाणासाठी ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा असला तर उत्तम. तो आयुष्यभर वापरायचा नसतो. दोन आठवडे मोजून पाहिलं की १५० ग्रॅम भात ताटात केवढा दिसतो हे डोळ्यांना कळायला लागतं. एक चूक इथे हमखास होते: कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, तोच शिजून जवळजवळ तिप्पट होतो आणि मग त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १३० कॅलरी उरतात. काट्यावर कच्चं ठेवलं होतं की शिजलेलं, हे प्रत्येक वेळी नोंदवा.

तेल ताटात वेगळं दिसत नाही, म्हणून ते घरासाठी एकत्र मोजा. बाटलीवर खूण करून आठवडाभरात किती संपलं ते बघा आणि माणसं गुणिले दिवस अशा आकड्याने भागा. चार माणसांच्या घरात आठवड्याला एक लिटर तेल लागत असेल तर १,००० भागिले २८, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज जवळपास ३६ मिलिलिटर तेल जातं. त्याच्या कॅलरी सुमारे ३०० होतात. हे प्रमाण २० मिलिलिटरवर आणलं की माणशी रोज १३० कॅलरी वाचतात, आणि ताटातला एक घासही कमी होत नाही.

काय आधी बदलायचं

आठवड्याच्या नोंदी समोर घ्या. जेवणाव्यतिरिक्तच्या प्रत्येक गोष्टीपुढे तिच्या कॅलरी आणि ती आठवड्यात किती वेळा झाली हे लिहून गुणाकार करा. रोजची अर्धा लिटर कोलाची बाटली २१० कॅलरींची, म्हणजे आठवड्याच्या १,४७० कॅलरी. आठवड्यातून एकदा खाल्लेलं ४०० कॅलरींचं आइस्क्रीम मात्र ४०० वरच थांबतं. मनाला अपराधी वाटतं ते आइस्क्रीमचं, पण काम करायचं ते कोलावर. आवडीचा क्वचित होणारा पदार्थ तोडून तोंडाची चव घालवू नका.

या यादीतल्या वरच्या दोनच गोष्टी निवडा. दोनच, कारण नवी सवय अंगवळणी पडायला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. लंडनमधल्या एका अभ्यासात तो सरासरी ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एकाच सोमवारी साखर, भात, तेल, रात्रीचं खाणं सगळं बदललं तर त्यातलं काहीही महिनाभर टिकत नाही. दोन गोष्टी तीन-चार आठवडे विनासायास चालल्या की तिसरी घ्या.

पेयांपासून सुरुवात करणं सोपं

पातळ स्वरूपात पोटात गेलेल्या कॅलरींनी भूक भागत नाही. संत्रं सोलून खाल्लं तर साधारण ६० कॅलरी जातात आणि काही वेळ पोटाला आधार राहतो. त्याच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात ११० कॅलरी असतात, आणि तो पिऊन पुढच्या जेवणातला एकही घास कमी होत नाही. घरी काढलेला, साखर न घातलेला रसही याला अपवाद नाही.

चहा-कॉफीचं गणित तुमचं तुम्ही करा. साखरेचा एक सपाट लहान चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे १६ कॅलरींचा. दोन चमच्यांचे चार कप घेतले तर नुसत्या साखरेच्या १२८ कॅलरी झाल्या, दूध वेगळं. एकदम साखर बंद केली की चव बिघडते आणि चार दिवसांत माणूस मूळ पदावर येतो. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, जिभेला ते जुळवून घेता येतं. गूळ, मध, तपकिरी साखर यांच्या कॅलरी साखरेच्या आसपासच असतात, त्यामुळे त्या बदलाने वजनात फरक पडत नाही. एका दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस आहे.

मद्यार्काच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे साखरेच्या जवळपास दुप्पट. त्याहून मोठा तोटा असा की मद्य घेतल्यावर सोबतच्या खाण्यावरचा हात सुटतो.

ताटाची वाटणी

सगळं तेच जेवायचं, फक्त निम्मं, ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत लवकर मोडणारी योजना. पोट भरल्याची जाणीव अन्नाच्या वजनावर आणि आकारमानावर बरीच अवलंबून असते. अर्धपोटी उठलेल्या माणसाला तीन तासांत जी भूक लागते ती बिस्किटांच्या पुड्यावर निघते. म्हणून ताट भरलेलं ठेवा आणि त्यातली वाटणी बदला: अर्धं ताट भाज्या आणि सॅलड, पाव ताट प्रथिनांचा पदार्थ, पाव ताट भात, ब्रेड किंवा दुसरं धान्य. बटाटा धान्याच्या बाजूला धरायचा.

हे का चालतं ते आकड्यांत बघा. १०० ग्रॅम काकडी, टोमॅटो किंवा कोबीत १५ ते २५ कॅलरी, शिजलेल्या भातात १३०, बिस्किटांत साडेचारशे-पाचशे, तेलात जवळपास ९००. पोटाला वजन सारखंच जाणवतं. पण भाजी करताना हात सैल सुटला तर हा सगळा फायदा जातो. पाव किलो कोबीत साठ-पासष्ट कॅलरी असतात. तो परतताना बाटलीतून अंदाजपंचे धार धरली आणि दोन मोठे चमचे तेल पडलं, तर तेलाच्याच २४० होतात. त्यामुळे तेल नेहमी चमच्याने घाला आणि दोन माणसांच्या भाजीला दोन-तीन लहान चमच्यांवर थांबा. भाजी तळाला लागत असेल तर झाकण ठेवा, पाण्याचा हबका मारा.

बटाट्याला उगाच दोष दिला जातो. १९९५ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींच्या प्रमाणात खायला देऊन दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते तपासलं. उकडलेला बटाटा पहिला आला, पांढऱ्या ब्रेडच्या तिपटीहून जास्त पोट भरणारा. सगळ्यात शेवटी क्रोसाँ, म्हणजे भरपूर लोणी घातलेला पापुद्रेदार पाव. तोच बटाटा तळला की १०० ग्रॅमला ८७ ऐवजी तीनशेच्या वर कॅलरी होतात.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्या. त्यांनी भूक लांबते आणि वजन उतरताना चरबीसोबत होणारी स्नायूंची झीज कमी राहते. वजन कमी करत असताना दर किलो वजनामागे रोज १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धरा. ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम लागतील, तीन जेवणांत वाटले तर प्रत्येकी २८. प्रत्यक्षात हे कसं भरायचं? एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या घट्ट डाळीत किंवा मसूरात ९, शंभर ग्रॅम दह्यात साडेतीन, शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या भागात १०० ग्रॅमला ३० आणि कोरड्या सोया वडीत ३० ग्रॅमला १५. शाकाहारी माणसाचं गणित चुकतं ते पातळ डाळीत. वाटी भरलेली दिसते, पण त्यात कोरडी डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते आणि प्रथिनं चार-पाच ग्रॅम. डाळ घट्ट करा, वाटी मोठी घ्या आणि धान्य तेवढं कमी करा. शेंगदाणे आणि बदाम प्रथिनांसाठी म्हणून मूठमूठ खाऊ नका, त्यांच्या ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. ते मोजून, चवीपुरते.

भाज्या आणि कडधान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं, वायू होतो, आणि 'मला हे सोसत नाही' म्हणून लोक सोडून देतात. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, कडधान्य भिजवून ते पाणी फेकून द्या, पाणी पुरेसं प्या.

भूक लागण्याआधी

सकाळी न्याहारी केलीच पाहिजे असं नाही. सकाळी भूक नसणाऱ्याने बळेच खाल्ल्याने वजन उतरत नाही. पाहायचं ते हे, की दोन खाण्यांतलं अंतर इतकं लांबतंय का की जेवायला बसताना हात थरथरतोय. तुमच्या आठवड्याच्या वहीत बहुधा दुपारच्या जेवणानंतर चार-पाच तासांनी एक खड्डा दिसेल. तिथे जे मिळेल ते खाल्लं जातं आणि रात्रीचं जेवणही वाढतं. तो खड्डा आधीच भरा: १५० ते २०० कॅलरींचं, प्रथिनं असलेलं काहीतरी ठरलेल्या वेळी. दीडशे ग्रॅम दही आणि एक सफरचंद, किंवा एक उकडलेलं अंडं आणि एखादं फळ. हे सकाळीच डब्यात भरून ठेवलं तरच होतं, ऐनवेळी ठरवायला गेलात तर हात जवळच्या पुड्याकडेच जातो.

पुड्यांतल्या खाण्याबद्दल एक अभ्यास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना चार आठवडे मुक्कामी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साध्या कच्च्या मालापासून शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मोकळीक. तयार अन्नाच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. त्यांचं वजन ०.९ किलोने वाढलं, साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. निश्चयाच्या भरवशावर राहण्यापेक्षा असे पुडे घरात न आणणं सोपं. आणायचेच असतील तर वरच्या, हात न पोचणाऱ्या कपाटात ठेवा आणि खाताना वाटीत काढून, पुडा परत ठेवून मगच बसा.

जेवणाला किमान २० मिनिटं द्या. पातेली समोर न ठेवता ताट वाढून आणा. पुन्हा घ्यावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबा, तरीही भूक असेल तर भाजी किंवा डाळ घ्या. मोबाइल आणि टीव्ही बंद, कारण लक्ष दुसरीकडे असताना किती खाल्लं हे मेंदू नीट नोंदवत नाही.

झोपेचा संबंध खाण्याशी थेट आहे. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना शिकागोतल्या संशोधकांनी झोप तासाभराने वाढवायला मदत केली. त्यांच्या खाण्यातून रोज सरासरी २७० कॅलरी आपोआप कमी झाल्या, आहाराचा कुठलाही सल्ला न देता. रात्री जागून खाणाऱ्याने आहारात काही बदलण्याआधी झोपेची वेळ अलीकडे आणून बघावी.

काटा काय सांगतो, काय नाही

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवू नका, सात दिवसांची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताडून बघा. शरीरातल्या साठवलेल्या पिष्टमय पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, ते बहुतांशी पाणी, आणि एका भरपेट जेवणानंतर काटा किलोभर वर जातो तेही पाणीच. खारट खाल्लं, बद्धकोष्ठ झालं, पाळी जवळ आली की असंच होतं. स्त्रियांनी सरासरीची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. रोजच्या आकड्याने मन खचत असेल तर काटा बाजूला ठेवा आणि दोन आठवड्यांतून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडल्यावर, फीत न आवळता.

अडतं कुठे

सरासरी तीन-चार आठवडे हलली नाही तर आधी सुट्टीचे दिवस तपासा. पाच दिवस रोज ४०० कॅलरी वाचवल्या तर २,००० होतात, आणि दोन दिवस १,००० जादा खाल्लं की त्या पूर्ण फिटतात. हे सगळ्यात नेहमीचं कारण. त्यानंतर तेलाची बाटली पुन्हा मोजा, कारण हात हळूहळू सैल होतो. व्यायाम केला म्हणून बक्षीस खाताय का तेही पाहा. अर्धा तास चालून खर्च झालेल्या कॅलरी चार-पाच बिस्किटांत परत येतात. चालणं सोडू नका, पण त्याचा हिशेब जेवणात धरू नका.

यातलं काहीच नसेल तर शरीराची बाजू समजून घ्या. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरलेल्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागते ती याचमुळे, मन दुबळं असल्यामुळे नव्हे. अशा वेळी खाणं आणखी तोडण्याऐवजी दोन-तीन आठवडे आहे तेच वजन राखा, प्रथिनं आणि भाज्या पुरेशा आहेत ना बघा, मग रोजच्या १००-१५० कॅलरी देणारा आणखी एकच बदल घ्या. अगदी कमी खाऊन घाईने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, स्नायू झिजतात.

एखादा दिवस बिघडला तर दुसऱ्या दिवशी उपवास करून भरपाई करू नका, त्यातून पुन्हा तुटून पडल्यासारखं खाल्लं जातं. पुढचं जेवण नेहमीसारखं, नेहमीच्या वेळी घ्या.

लक्ष्यापाशी पोचल्यावर खाणं एकदम जुन्या प्रमाणावर नेऊ नका. दर दोन आठवड्यांनी रोजच्या १०० कॅलरी वाढवा, शक्यतो धान्याच्या किंवा फळांच्या रूपात, आणि सरासरी जिथे स्थिर होईल तिथे थांबा. मग स्वतःसाठी २ किलोंची वरची मर्यादा ठरवा. सरासरी तिच्या वर सलग दोन आठवडे राहिली की वाढवलेल्या १०० कॅलरी पुन्हा कमी करा. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ५ किलो उतरल्यावर डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्या. चक्कर येत असेल किंवा हातपाय थरथरत असतील तर तेवढंही थांबू नका.